चिलर फ्री

भाड्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं : ‘मनखूल, स्टुडिओ, चिलर फ्री.’ मी ते ‘चिल्लर फ्री’ असं वाचलं आणि मामेभावाला मेसेज टाकला, तुमच्याकडे घराबरोबर सुट्टे पैसेही देतात का रे? तो एकवीस वर्षं दुबईत आहे. हसण्याची एक खूणसुद्धा न पाठवता त्याने लिहिलं, ‘ताई, तेवढं वाच आणि घर घे. बाकी काही बघू नकोस.’

चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. दुबईतल्या बऱ्याच मोठ्या इमारतींत घरोघरी आपल्यासारखे एसी टांगलेले नसतात. इमारतीच्या गच्चीवर, नाहीतर त्या भागातल्या एखाद्या मोठ्या केंद्रात पाणी थंड करतात आणि जाड वेष्टनाच्या नळांतून घराघरांत फिरवतात. छतामागे दडलेला पंखा त्या नळांवरून हवा फुंकतो. हवा गार होते, पाणी तापतं, तापलेलं पाणी परत यंत्राकडे जातं. एक नळ पिण्याच्या पाण्याचा, एक सांडपाण्याचा, तसा हा एक गारव्याचा. केंद्राकडून गारवा घेतला तर त्याचं बिल वेगळं येतं आणि त्यातला एक भाग तुम्ही कुलूप लावून महिनाभर गावी गेलात तरी चुकत नाही, कारण तुमच्या वाटणीचा गारवा तिथे राखून ठेवलेला असतो. ‘चिलर फ्री’ म्हणजे हा सगळा खर्च घरमालकाच्या अंगावर.

आपण दुकानात जाऊन ‘दीड टनाचा एसी दाखवा’ म्हणतो, तेव्हा टन कशाचा हे कोणी विचारत नाही. तो बर्फाचा. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी ओढणारं यंत्र एक टनाचं. म्हणजे दीड टनाचा एसी दिवसरात्र पुऱ्या ताकदीने चालला, तर खोलीत जवळजवळ 1,360 किलो बर्फाच्या लाद्या रचून त्या वितळू दिल्यासारखं झालं. पुण्यात ही माहिती गंमत म्हणून सांगण्यासारखी आहे. मी ती जुलैत, मनखूलच्या त्या खोलीत बसून वाचली आणि नकळत छताकडे बघितलं.

* * *

माझं काम कुठूनही होतं. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी सूचना लिहिणं हा माझा धंदा. ‘हे बटण दाबा, मग ते दाबा.’ तीन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने पुण्यातलं ऑफिस सोडून दिलं आणि आम्हा सगळ्यांना जिथून जमेल तिथून काम करायला सांगितलं. कोणी कोल्हापूरला गेलं, कोणी दापोलीला. मी पाच वर्षं कोथरूडच्या एकाच खिडकीतून समोरच्या इमारतीचं प्लास्टर उडताना बघत होते. मामेभाऊ म्हणाला, इकडे ये.

दुबईने ऑक्टोबर 2020 मध्ये, करोनाने हॉटेलं ओस पडलेली असताना, असल्या लोकांसाठी एक वर्षाचा व्हिसा काढला. काम बाहेरच्या कंपनीचं, राहणं दुबईत. फी 287 डॉलर, आरोग्यविमा वेगळा आणि मुख्य अट पगाराची : सुरुवातीला महिन्याला 5,000 डॉलर, पुढे ती 3,500 वर आणली. म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. पगाराचा हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे. बाकी कागदपत्रांची कहाणी कंटाळवाणी आहे आणि ती सगळीकडे सारखीच असते.

एप्रिल 2025 मध्ये मी पोचले. “उन्हाळ्याच्या तोंडावर वाळवंटात कोण जातं?” हे आई विमानतळापर्यंत म्हणत होती. तिला मी ठसक्यात सांगितलं होतं, की मी नागपूरला मे महिने काढलेत. ते खरंही होतं. पण नागपूरचं ऊन आणि दुबईचं ऊन ही दोन वेगळी जनावरं आहेत, हे मला जूनमध्ये कळलं.

आकड्यांनी हे कळत नाही. त्या वर्षी 24 मे रोजी अल ऐनजवळच्या स्वैहानला 51.6 अंश नोंदले गेले, ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी तिथेच 51.8. दुबई शहरात इतकं होत नाही, चाळीस ते पंचेचाळीस. नागपूरकराला त्यात नवल वाटायचं कारण नाही. फरक समुद्राचा. हे आखात उथळ आहे, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास, चुलीवर ठेवलेल्या परातीसारखं. ऑगस्टपर्यंत ते पाणी तेहतीस अंशांच्या वर जातं आणि त्याची वाफ शहरावर येऊन बसते. नागपुरात घाम येतो आणि वाळतो, त्या वाळण्यातच आपला जीव असतो. दुबईत ऑगस्टच्या रात्री नऊ वाजता घाम येतो आणि तसाच राहतो. इमारतीचं दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं. थंडीच्या देशांत लोक आत आल्यावर चष्मा पुसतात, इथे बाहेर पडल्यावर.

आणि नळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ‘गार’ लिहिलेल्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, कारण टाक्या गच्चीवर. त्यावर दुबईकरांनी काढलेला उपाय मला कोणत्याही गगनचुंबी इमारतीपेक्षा थोर वाटतो. उन्हाळ्यात गीझर बंद करायचा. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, तिच्यातलं पाणी रात्रभरात निवतं. मग सकाळी अंघोळीला ‘गरम’चा नळ सोडायचा, त्यातून गार पाणी येतं. गरमच हवं असेल तर ‘गार’चा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चार वेळा भाजले.

* * *

भारताचं घड्याळ दुबईपेक्षा दीड तास पुढे. पुण्याच्या मंडळींची साडेनऊची मीटिंग माझ्याकडे आठला. पाचला माझं काम संपायचं. तेव्हा बाहेर ऊन भरात असायचं, सूर्य सातनंतर बुडायचा. मग मी बसून राहायची. काम संपलंय आणि बाहेर जाता येत नाही, अशी ती रोजची दोन-तीन तासांची एक विचित्र फट होती. त्या फटीत मी किती चहा प्यायले त्याला गणती नाही.

त्यात एक गंमत अशी, की ऑफिसशी बोलायला काही अडचण नव्हती. टीम्स चालतं, झूम चालतं. आईशी मात्र बोलता यायचं नाही, कारण अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो पण फोन लागत नाही. तिथे परवानगी असलेली वेगळी ॲप आहेत, त्यांतलं एक रत्नागिरीत आईच्या फोनवर कोणीतरी घालून द्यायला हवं होतं. शेजारच्या मुलाला ते जमेपर्यंत दोन महिने गेले. मॅनेजरचा चेहरा मी रोज बघत होते आणि आईचा आवाज ध्वनिमुद्रित तुकड्यांत ऐकत होते : “जेवलीस का? ऐकलंस की उत्तर पाठव.”

दुबईतली सकाळ-संध्याकाळ मग उलटी लावायला शिकले. रात्री दहाला करामा भागातल्या बागेत मुलं घसरगुंडीवर असतात. जुमेराचे काही किनारे 2023 पासून रात्रभर पोहण्यासाठी खुले आहेत, दिव्याच्या लखलखाटात लोक मध्यरात्री समुद्रात उतरतात. ऑगस्टमध्ये तर सकाळी सात ते दहा मॉल चालण्यासाठी उघडायला लागले. मी गेले. कुलूपबंद दुकानांच्या काचांसमोरून, संगमरवरावरून, चारशे माणसं झपाझप चालतायत. पर्वती चढणाऱ्यांसारखाच त्यांचा थाट. पंजाबी आजोबा, फिलिपिनो नर्सेस, एक जोडपं चक्क नऊवारीतल्या आजींना घेऊन. आजींच्या पायात पांढरे बूट होते.

* * *

करामात एक काकू राहतात, मूळच्या मालवणच्या. त्यांचे यजमान 1983 साली, दुबईच्या ड्रायडॉक सुरू झाल्या त्या वर्षी, वेल्डर म्हणून आले. आता निवृत्त. मुलगा इथेच नोकरीला, म्हणून तेही इथेच. काकूंच्या स्वयंपाकघरातलं एक कपाट मी मे महिन्यात उघडं पाहिलं. सुकी सुंगटं, सोलं, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ, मिरगुंडं, तिरफळं. सगळं डब्यांत, डब्यांवर चिकटपट्ट्या.

“आमचो हो पावसाळोच गो,” काकू म्हणाल्या. “चार म्हयने भायर पडूचा नाय. मग आगोट करूक व्हयी.”

आगोट हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. मृगाआधी कोकणात घराघरांत होणारी ती धांदल : लाकडं रचायची, छपराच्या झडी बांधायच्या, सुकी मासळी डब्यात भरायची. मग पाऊस लागला की दार लोटून घ्यायचं. काकूंनी ती सगळी रीत उचलून तेहतीस अंशांच्या समुद्राकाठी आणली होती आणि ती तंतोतंत लागू पडत होती. इथेही एक ऋतू असा आहे की ज्यात घर म्हणजे होडी. सुट्टीतल्या मुलांना काकू दुपारी पत्ते खेळायला बसवतात. कुठे काय गळतंय ते बघत राहतात, फक्त इथे गळतो तो एसीचा नळ.

हे मला इतकं पटलं की मी लगेच त्यावर लेख लिहायचं ठरवलं. दुबईचा उन्हाळा म्हणजे वाळवंटातला पावसाळा, वगैरे. तो लेख आता तुम्ही वाचताय तो नाही. कारण त्यानंतर माझा एसी बंद पडला.

* * *

जुलैची पंधरा तारीख, दुपारी पाऊण. तीनला माझी अमेरिकेतल्या लोकांशी महत्त्वाची मीटिंग. खोलीतला पंखा फिरत होता पण हवा कोमट. बघता बघता खोली बत्तीस अंशांवर गेली. मी इमारतीच्या ॲपवर तक्रार नोंदवली. तिथे दोन पर्याय होते, ‘साधी’ आणि ‘अर्जंट’. मी अर्जंट दाबलं. बटणं दाबायला लोकांना शिकवणं हाच माझा धंदा. ते दाबताना क्षणभरही विचार केला नाही.

अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. हा नियम वीस वर्षांहून जुना. मोडला तर माणशी 5,000 दिरहम दंड. माझ्या खिडकीतून समोरचं बांधकाम दिसायचं. साडेबारा झाले की क्रेन थांबायची आणि निळ्या कपड्यांतली माणसं तळघरात सावलीला जाऊन आडवी व्हायची. मला ते बघून बरं वाटायचं. नियमाला काही अपवाद आहेत : ओतायला घेतलेलं काँक्रीट अर्धवट सोडता येत नाही, तुटलेली पाण्याची किंवा विजेची लाइन दुरुस्त करावी लागते. लोकांचे हाल थांबवायचे असतील तर थांबता येत नाही. आता बंद पडलेला एसी या अपवादात बसतो की नाही हे कोण ठरवणार? ज्याचा बंद पडलाय तो.

एक वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात मेकॅनिक, तिशीचा, काटक, खांद्याला पेटी. हिंदीत बोलला, शिडी लावली, छताची जाळी काढली. पाना हातातून सुटून फरशीवर पडला, माझ्या तोंडून ‘आई गं’ निघालं. तो शिडीवर थांबला.

“तुम्ही मराठी?”

तो म्हसळ्याचा. रायगडचा तो पट्टा, म्हसळा, श्रीवर्धन, पलीकडे खेड, चिपळूण, तिथल्या कोकणी मुसलमान घरांत आखातात कोणी नाही असं घर सापडणं अवघड. त्याचे वडील कुवेतला होते, चुलते मस्कतला. तो आयटीआय करून अकरा वर्षांपूर्वी इथे आला. त्याच्यासाठी मी आधी ‘मॅडम’ होते, पान्यानंतर ‘ताई’ झाले.

मी मूर्खासारखं म्हटलं, “बरं आहे तुमचं, एसीचं काम. या उन्हाळ्यात.”

तो जाळीत हात घालून म्हणाला, “ताई, अकरा वर्षांत मला चालू एसीत काम करायला मिळालेलं नाही. चालू असेल तर मला कोण बोलवील?”

घरातली झडप ठीक होती, वर पंप बसला होता. तो गच्चीवर गेला. दहा मिनिटांनी मी सोलकढीची बाटली फ्रिजमधून काढून त्याच्यामागे गेले. दार उघडल्यावर जे अंगावर आलं त्याला ऊन म्हणता येणार नाही. ऊन वरून येतं, हे चारही बाजूंनी येत होतं. गच्चीवर माणसाच्या उंचीची यंत्रं रांगेने उभी होती, त्यांचे पंखे गरगर फिरत वर आणि बाजूला वारा फेकत होते. तो वारा म्हणजे आमच्या सगळ्या खोल्यांतून काढून टाकलेली उष्णता. एसी उष्णता संपवत नाही, ती फक्त इकडची तिकडे नेऊन टाकतो, हे शाळेच्या भौतिकशास्त्रात असतं. आम्ही शंभरेक घरांनी आपापली दुपार गच्चीवर नेऊन टाकली होती आणि तो तीत गुडघे टेकून पंपाचं बेअरिंग बघत होता. गुडघ्यांखाली पुठ्ठा. पान्याला ओलं फडकं गुंडाळलेलं, नाहीतर धातू हातात धरवत नाही.

त्याने सोलकढी एका दमात प्यायली आणि विचारलं, “आमसुलं कुठली? मालवणची वाटत नाहीत.” रत्नागिरीचीच होती.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या खोलीत गार वारा सुरू झाला. मीटिंग उत्तम झाली.

* * *

त्यानंतर मी शहराकडे गच्चीवरून बघायला लागले असं म्हणू का? तसं झालं नाही. काही दिवस लाज वाटली, मग सवय परत आली. पण काकूंची आगोट मनात पहिल्यासारखी बसेना. पाऊस कोकणात सगळ्यांना घरात बसवतो. वाड्याचा मालक आणि त्याचा गडी, दोघांचीही छपरं गळतात. दुबईचा उन्हाळा कोणाला आत बसवायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे व्हिसा बघून ठरवतो. त्या 3,500 डॉलरच्या आकड्याचा हा अर्थ मला अर्ज भरताना लागला नव्हता.

पूर्वी इथेही असं नव्हतं. अमिरातीतल्या जुन्या लोकांत उन्हाळी स्थलांतराची रीत होती, त्याला मकीझ म्हणत. ऊन वाढलं की किनाऱ्यावरची कुटुंबं उंटांवर संसार लादून अल ऐन, लिवा, रस अल खैमाच्या खजुराच्या बागांत जायची. खजूर नेमका जून-जुलैत पिकतो. सावली, विहिरीचं पाणी, ओला रुतब खजूर, की ऋतू निघून गेला. अर्थात पुरुष सगळे जायचे नाहीत. मोत्यांची मोठी बुडी लावायचा हंगाम हाच, जून ते सप्टेंबर, कारण समुद्र तेव्हा शांत आणि उबदार. म्हणजे तेव्हाही कोणीतरी उघड्यावर होतंच. ते मोती मुंबईच्या बाजारात यायचे, आणि दुबईत 1966 पर्यंत चलन रुपयाच होतं. शेवटची काही वर्षं आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या.

जे मागे राहत त्यांच्यासाठी बारजील असे, घराच्या डोक्यावरचा वारा पकडणारा चौकोनी मनोरा. खाडीकाठच्या अल फहिदी वस्तीत ते अजून उभे आहेत. वारा कुठल्याही बाजूने आला तरी आतल्या तिरक्या भिंती तो खाली खोलीत लोटतात. मी जुलैत एकाखाली जाऊन उभी राहिले. झुळूक येत होती हे खरं. गारवा मात्र नव्हता. रखवालदाराने माझ्याकडे बघून पंख्याचं बटण दाबलं.

आजचा मकीझ विमानाने होतो. शाळा जूनच्या शेवटी सुटल्या की ज्यांना परवडतं ते जातात : इंग्रज इंग्लंडला, केरळी केरळला, अमिराती घरंही युरोपात. माझ्यासारखे ‘कुठूनही’ काम करणारे तर सगळ्यांत आधी. ठाण्याचा एक डिझायनर मला एप्रिलमध्ये कॉफीला भेटला होता, जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मनालीला होता. “दुबई नोव्हेंबर ते मार्च,” त्याने लिहिलं. “बाकी वेडे लोक राहतात.” दुबई सरकारच्या कर्मचाऱ्यांनाही 2025 च्या उन्हाळ्यात सवलत होती. 1 जुलै ते 12 सप्टेंबर एका गटाला शुक्रवारी सुट्टी, दुसऱ्याला सोमवार ते गुरुवार तासभर कमी काम. उन्हाळ्यात शुक्रवारचं प्रवचन आणि नमाज दहा मिनिटांत आटपतात, कारण मशिदीत न मावलेली माणसं बाहेरच्या फरशीवर असतात. शहर आपल्या परीने ऋतूला वाट करून देतं आहे. डिलिव्हरीवाल्या मोटारसायकलस्वारांसाठी गार खोल्याही बांधल्या आहेत. तरी दुपारी दोनला माझ्या इमारतीच्या दाराशी ते उभे असायचेच, हेल्मेटच्या काचेआड, कारण लोकांना जेवण दोनलाच हवं असतं. आमचा नेपाळी रखवालदार त्यांना लॉबीत पाच मिनिटं उभं राहू द्यायचा. पाचच. तो घड्याळ बघायचा.

मेकॅनिक राहतो सोनापूरला. ऐकून मी दचकले. मुंबईच्या माणसाला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सची स्मशानभूमी. दुबईत ती मजुरांच्या वसाहतीची जागा, सरकारी नाव मुहैसना सेकंड, पण ते बोलण्यात कोणी वापरत नाही. त्यालाही मुंबईतला अर्थ माहीत होता. “माहीत नसायला काय? वडील सुरुवातीला घाबरून गेले होते. म्हणाले, कुठे ठेवलंय तुला?” खोलीत सहा जण, वरखाली पलंग. आणि एसी? “आहे ना. दोन टनाचा. आमचाच चांगला चालतो, सहापैकी चार जण मेकॅनिक.”

* * *

या शहरात पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरही धड पडत नाही आणि नदी नाही. चाळीस लाखांच्या घरातली ही वस्ती जवळजवळ सगळी समुद्राचंच पाणी पिते, जेबेल अलीच्या कारखान्यांत मीठ काढून टाकलेलं. मामेभाऊ मला तिथून गाडीने नेताना म्हणाला, “अगस्तीने एकदाच समुद्र प्यायला. हे रोज पितात.” हा विनोद तो पाहुणा आला की करतो, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. पण अगस्ती पुढे वेगळ्याच वाटेने पुन्हा आला.

ऑगस्टमध्ये मेकॅनिक परत आला, या वेळी साध्या तक्रारीवर, संध्याकाळी सहाला. म्हणाला, आता थोडेच दिवस, सुहैल निघेल. कोण सुहैल? तर तारा. मिर्दिफला एका म्हाताऱ्या अमिराती माणसाच्या बंगल्यात तो सर्व्हिसिंगला जातो, त्यांनी सांगितलेलं. 24 ऑगस्टच्या सुमारास पहाटे दक्षिणेला सुहैल दिसू लागतो. लगेच गार होत नाही, पण उन्हाळ्याची पाठ मोडते. वाळवंटातली सगळी जुनी दिनगणना या ताऱ्यापासून सुरू होते. “ते बाबा म्हणतात, सुहैल आला की तू कमी येशील.”

मी रात्री शोधलं. सुहैल म्हणजे अगस्ती. तोच तारा. भाद्रपदात अगस्तीला अर्घ्य देतात आणि तो उगवला की पावसाने गढुळलेलं पाणी निवळतं असं आपल्याकडे मानतात. त्यांच्याकडे तो ऊन उतरवतो, आपल्याकडे पाऊस. काकूंना सांगितलं तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. “मी सांगलंय ना, पावसाळोच ह्यो.”

27 ऑगस्टला काकूंकडे गणपती आला, शाडूचा, वीतभर. तीन दिवस दुपारी मोदकांच्या उकडीने स्वयंपाकघरात चष्मे पुसायची पाळी आली. पाचव्या दिवशी विसर्जन बादलीत. बादली ‘गरम’च्या नळाखाली भरली, म्हणजे गार पाण्याने. काका म्हणाले, देवाला चटका नको.

सहा सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या पहाटे, मामेभावाने मला अल कुद्राच्या रस्त्याने नेलं. पावणेपाचला गाडी थांबवली. चंद्र नुकताच बुडाला होता. हवा अजून गरमच, पण कोरडी, चष्म्यावर धुकं नव्हतं. दूरच्या वस्तीतून अजान आली. व्याध आधी सापडला, तो लपत नाही. त्याच्या खाली, उजवीकडे, धुरकट क्षितिजाच्या जरा वर एक तारा होता. आधी मला तो विमान वाटला. पाच मिनिटं तो हलला नाही.

मी मेकॅनिकला मेसेज टाकला : ‘दिसला.’

गाडी शहराकडे वळेपर्यंत त्याचं उत्तर आलं, आवाजी. मागे पंख्यांची घरघर ऐकू येत होती. “ताई, मी आत्ताच चढलोय बरशाला, गच्चीवर. इकडून नाही दिसायचा, समोर टॉवर आहे. उन्हाच्या आत तीन युनिटं करायचीयत. फोटो नीट आला असेल तर टाका, त्या बाबांना दाखवतो.”

फोटो नीट आला नव्हता.